नापासाची मार्कलिस्ट आणि ६जीचा पाइप

सोलापुरात 'मी वेल्डर आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "खिडकीचं ग्रिल काय किलो करता?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. अशोक चौकातून अक्कलकोट रोडला लागा, गल्लोगल्ली ग्रिल-गेटची दुकानं दिसतील. माझी सुरुवातही अशाच एका दुकानात झाली. पण ग्रिल जोडणारा आणि साखर कारखान्याच्या बॉयलरची नळी जोडणारा, दोघांच्या हातात होल्डर तोच असला तरी मधे तीन-चार परीक्षा आहेत. त्या मला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक पायरी चढलो की तिथं उभा असलेला कुणीतरी पुढची दाखवायचा, असं करत करत दहा-बारा वर्षं गेली. हल्ली दहावीचा निकाल लागला की नापास पोरं आणि त्यांचे आई-बाप माझ्या शेडवर येऊन बसतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगता सांगता तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मी २०११ च्या मार्चला दहावीला बसलो. गणित आणि इंग्रजी गेलं. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची. तिला बसलो, परत गेलं. घरात फार काही झालं नाही, कारण आमच्या गल्लीत याची कुणाला नवलाई नव्हती. वडील निलमनगरला टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, आणि खटखटाटानं एका कानाला कमी ऐकू यायला लागलेलं. आई विड्या वळायची. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पत्ता, म्हणजे विडीचं पान, आणि तंबाखू आणायचा, वळलेल्या विड्या पोचत्या करायच्या, त्यातल्या छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या, काढून उरलेल्याचे पैसे घ्यायचे. मी सुट्टीत वडिलांबरोबर जाऊन कांड्या भरायचो, त्यामुळं सगळ्यांना वाटलं हा आता मागावरच जाणार. वडीलच नको म्हणाले. "हितं आता राहिलंय काय? ऑर्डर असली तर माग, नसली तर घरात माग काढत बसायचं." असले विनोद ते क्वचितच करायचे.

मग ओळखीनं एका ग्रिलच्या दुकानात लागलो. आठवड्याला सातशे रुपये आणि दोन वेळचा चहा. दुकानाचे मालक वयस्कर होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. पहिले काही महिने होल्डरला हात लावू दिला नाही. अँगल धरायचा, कटरला पट्टी लावून द्यायची, झाल्या जॉबला रेड ऑक्साइड मारायचा. याला पोरं कंटाळतात आणि सोडून जातात. मला मात्र तिथं शाळेपेक्षा बरं वाटत होतं, कारण संध्याकाळी काहीतरी उभं राहिलेलं दिसायचं. टमटमवर चढवून कुणाच्या तरी घरी जायचं आणि भिंतीत बसायचं.

चाचांनी पहिल्यांदा रॉड हातात दिला तेव्हाचं त्यांचं एक वाक्य मी आज माझ्या पोरांना जसंच्या तसं ऐकवतो. सगळी नवी पोरं ठिणग्या बघतात. दिसतातच तशा. चाचा मागून ओरडले, "ठिणगी काय बघलालास बे? पाणी बघ, पाणी!" पाणी म्हणजे रॉडच्या टोकाखाली वितळलेलं लोखंड. काळ्या काचेतून बघितलं तर आधी नुसता लख्ख ठिपका दिसतो. नजर स्थिरावली की त्या ठिपक्याच्या मागं एक लहानसं, वाटाण्याएवढं डबकं हलताना दिसतं, आणि त्यावर तरंगत मागं सरकणारी मळी दिसते. मळी म्हणजे स्लॅग. ती पुढं आली की जोडात अडकते. डबकं दोन्ही पट्ट्यांना सारखं चाटत चाललंय का, एवढंच बघायचं असतं. हे दिसायला लागलं त्या दिवशी मी वेल्डर झालो असं मला वाटलं होतं. तसं काही नसतं, पण वाटलं होतं.

डोळ्यांचं इथंच सांगतो. ग्रिलच्या दुकानात टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपके, मारताना काच धरायचा आळस करतात, नुसती मान फिरवतात. दिवसा काही कळत नाही. रात्री अकरा-बाराला डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. आर्कमधल्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोतातल्या, अतिनील किरणांनी बुबुळाच्या वरचा पडदा भाजतो, त्याचा हा परिणाम. आमच्याकडं त्यावर बटाट्याचे काप ठेवतात. गार वाटतं एवढंच. काच दहा किंवा अकरा नंबरची घ्यायची, अंगात सुती कपडे घालायचे. नायलॉन-टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. हे दोन नियम जो उस्ताद पाळत नाही, त्याच्याकडं पोरगं ठेवू नका.

आयटीआयकडं मी वळलो तो चाचांमुळं, पण ते मला जा म्हणाले म्हणून नाही. एका कंपनीत वेल्डर घ्यायचे होते. पगार बरा, पीएफ, कॅन्टीन. दुकान मंदावलं होतं म्हणून चाचा स्वतःच जाऊन आले. गेटवरच सर्टिफिकेट विचारलं. नाही म्हटल्यावर हातातलं काम बघायलाही कुणी तयार झालं नाही. माझ्या जन्माआधीपासून वेल्डिंग करणारा माणूस परत आला आणि गुमान रेड ऑक्साइडचा डबा ढवळत बसला. कामावर आधीच असलेल्या माणसाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची, म्हणजे पूर्वकौशल्याला मान्यता द्यायची सरकारी सोय त्यानंतर काही वर्षांनी बरीच बोलली गेली. चाचांचं वय तोवर निघून गेलं होतं.

दहावी नापासाला आयटीआय मिळतं, हे मला झेरॉक्सच्या दुकानात कळलं. तिथला पोरगा फॉर्म भरून द्यायचा. तो म्हणाला फिटर, इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागतं, दोन वर्षांचे ट्रेड आहेत ते. वेल्डर एक वर्षाचा, नापासाला चालतो. प्लंबर, सुतारकाम असे आणखी काही ट्रेडही तसेच आहेत. २०१३ ला विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये माझा वेल्डरला नंबर लागला. फी ऐकून आईनं दोनदा विचारलं, "वर्षाची का महिन्याची?" वर्षाचीच होती. चाचांनी संध्याकाळचं काम चालू ठेवू दिलं, त्यामुळं घरातला आठवडाही बंद पडला नाही.

मला वाटलं होतं, आपल्याला येतंय सगळं, नुसता कागद घ्यायचाय. सुरुवातीला हातात दिली कानस. लोखंडी पट्टीची कड सरळ करायची, काटकोन लावून उजेडात धरून बघायचं, फट दिसली की परत घासायचं. हॅकसॉनं आखलेल्या रेघेवर कापायचं. दुकानात दोन वर्षं काढलेल्या माणसाला हे अपमानासारखं वाटतं. पुढं पाइपाच्या कडा घासून मिलीमीटरच्या हिशोबानं फट राखायची वेळ आली तेव्हा त्या कानशीचे पैसे वसूल झाले.

गणिताचं काय झालं तेही सांगतो, कारण 'आमच्या पोराला गणित येत नाही' हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय आहे, तो सुटत नाही. पाइपाला दुसरा पाइप आडवा जोडायचा असेल तर पहिल्याला नेमकं कुठं आणि कसं भोक पाडायचं हे आखावं लागतं. सरांनी कागदाची एक लांब पट्टी घेतली, पाइपाला घट्ट गुंडाळली, जिथं टोक मिळालं तिथं फाडली. ती पट्टी सोडून टेबलावर सरळ ठेवली आणि म्हणाले, हा परीघ. मोजा. मग पाइपाचा व्यास मोजा. भागा. प्रत्येकाचं उत्तर तीन पूर्णांक काहीतरी येत होतं, पाइप कुठलाही असो. मग ती पट्टी मधे दुमडली, परत दुमडली, परत एकदा. उलगडल्यावर आठ सारखे भाग. पट्टी पुन्हा पाइपाला गुंडाळून घडीघडीवर खडूनं खूण केली. शाळेत पाय म्हणजे बावीस सप्तमांश हे मी दोन वर्षं पाठ केलं होतं. ते कशाचं आहे हे त्या दिवशी हातात आलं.

आणि जोड तोडून बघणं. दुकानात जोड गुळगुळीत दिसला, ग्राइंडर मारला, रंग दिला की विषय संपला. इथं टी-जॉइंट केला, माशाच्या खवल्यासारखा रन, म्हणजे वेल्डिंगचा पट्टा, आला, मी खूश. सरांनी जोडाच्या मधोमध करवतीनं एक खाच घेतली, जॉब व्हाइसमध्ये धरला आणि घणानं हाणला. जोड उघडला. आत कोपऱ्यात काळी रेघ होती, मळी अडकलेली. वरून खवले आणि आत लोखंड लोखंडाला लागलेलंच नाही. सर काही बोलले नाहीत, पुढच्याचा जॉब घेतला. आईच्या विड्यांतली छाट ब्रँचवाला अशीच काढायचा, पण तो कारण सांगत नसे. इथं कारण समोर उघडं पडलेलं असतं. करंट कमी होता का, रॉडचा कोन चुकला का, हात मागं राहिला का, प्रत्येक चुकीची आत वेगळी खूण उमटते. शाळेच्या मार्कलिस्टवर गणितापुढं एक आकडा होता आणि त्यावरून मला काही कळलं नव्हतं. तुटलेल्या जोडावरून कळायचं.

अखिल भारतीय ट्रेड टेस्ट पास झालो, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आता बरेच जण इथंच थांबतात आणि मग म्हणतात आयटीआय करून काय मिळालं. पुढची पायरी अप्रेंटिसशिप. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, त्याखाली कारखान्यांना शिकाऊ घ्यावे लागतात, विद्यावेतन द्यावं लागतं, शेवटी परत परीक्षा आणि परत वेगळं प्रमाणपत्र. मला एका सहकारी साखर कारखान्यात जागा मिळाली.

राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. कारखाना म्हटलं की लोकांना ऊस आणि राजकारण आठवतं. वेल्डरला तो वेगळाच दिसतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरचं अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी, फोटो, भाषणं. त्याच्या आधीचे सहा महिने आत काय चाललेलं असतं ते कुणी बघायला येत नाही. नळ्या बदलणं, पाइपलाइन, चेन, ऊस तोडणाऱ्या चाकू-हातोड्यांच्या झिजलेल्या धारांवर कडक धातूचा थर चढवणं, सगळं ऑफ सीझनला.

एक काम मात्र भर हंगामात चालतं आणि मला अजून आवडतं, ते रोलरचं आर्किंग. उसाचा रस काढणारे रोलर झिजून गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, पकड बसत नाही. तेव्हा रोलर फिरत असतानाच त्याच्या दातांवर रॉडनं थेंब थेंब धातू टाकत जायचं. खरखरीत झाला की ऊस ओढतो. समोर टनांनी ऊस चिरडला जातोय, रस उडतोय, पायाखाली चिकट, आणि आपण काच लावून फिरत्या लोखंडावर थेंब मोजतोय. पहिल्यांदा माझे हात कापत होते. माझ्याबरोबरचे जुने वेल्डर गप्पा मारत करायचे.

अप्रेंटिसशिप संपल्यावर दुसऱ्या एका कारखान्यात हंगामी म्हणून लागलो. तिथं पगार थकले. दोन महिने, तीन महिने, मग 'बिल आलं की'. नाव घेत नाही. जिल्ह्यात ज्यानं ज्यानं कारखान्यात काम केलंय त्याला हे सांगायची गरज नाही. तिथल्या एका बॉयलरच्या ठेकेदाराच्या माणसांकडं बघत होतो. त्यांची हजेरी आमच्या दीडपट, आणि रोजच्या रोज लिहिलेली. मी विचारलं, तुम्ही कुठून शिकलात? त्यातला एक जण म्हणाला, "६जी केलंय का?" तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

६जी म्हणजे काय ते नीट सांगतो. पाइपाचे दोन तुकडे समोरासमोर ठेवून पंचेचाळीस अंशात तिरके घट्ट बांधतात. पाइप फिरवायचा नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. त्यामुळं एकाच जोडात खालून डोक्यावरचं वेल्डिंग येतं, बाजूला उभं येतं, वर सपाट येतं, आणि सगळं तिरकं. घड्याळाचा आकडा मनात धरतात. सहापासून सुरू करायचं, एका बाजूनं बारापर्यंत चढायचं, मग परत सहापासून दुसऱ्या बाजूनं. पहिला थर रूट, तो टिगनं. टंगस्टनची सुई, आर्गॉनचा वायू, उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात तार. मधे अडीच-तीन मिलीमीटरची फट. आर्क लागली की फटीच्या दोन्ही कडा वितळून किल्लीच्या भोकासारखं एक छिद्र तयार होतं. ते छिद्र एकसारखं ठेवत तार आत सोडत जायचं. मोठं झालं तर लोखंड आत लोंबतं, बंद झालं तर आतून जोडच लागत नाही. सुई चुकून डबक्याला टेकली की थांबायचं, सुई घासायची, परत सुरू. बाहेरून हे सगळं चार बोटांच्या जागेत चाललेलं असतं.

सराव फुकट होत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. भंगारवाल्याकडून पाइपाचे तुकडे किलोवर आणायचे, टिगचं मशीन भाड्यानं, आर्गॉनची टाकी वेगळी. चाचांनी रात्रीचं दुकान दिलं, विजेचं बिल मी भरायचो. ते खुर्ची टाकून बसायचे. टिग त्यांनी कधी केलं नव्हतं, पण डबकं तेच. "हात दमलाय तुझा, उठ," म्हणायचे, आणि बरोबर असायचे.

त्याच सुमाराला फताटेवाडीला एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाचं काम चालू होतं, ६६० मेगावॉटचे दोन संच. मी एका उपठेकेदाराकडं आधी ग्राइंडर-फिटअपला, म्हणजे कडा घासून तुकडे जुळवून द्यायला, लागलो आणि मग वेल्डिंगला. तिथं फिल्म हा प्रकार पाहिला. जोडाचा एक्स-रे काढतात. दुसऱ्या दिवशी कळतं, फिल्म पास का रिपेअर. कुठल्या वेल्डरचा जोड, त्याचा नंबर लिहिलेला असतो, त्यामुळं तोंड लपवायला जागा नाही. माझी पहिली फिल्म लागली तेव्हा त्यात एका बाजूला बारीक ठिपके दिसले, मोहरी सांडल्यासारखे. वारा होता, आर्गॉन उडाला होता. तेव्हापासून जोडाभोवती पडदा बांधल्याशिवाय मी आर्क लावत नाही, पोरं कितीही हसू देत.

बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला हात लावायचा तर ६जी येतं एवढं पुरत नाही. १९५० च्या भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे, ज्याला सगळे आयबीआर म्हणतात, वेल्डरची परीक्षा बॉयलर निरीक्षकासमोर होते. तुकडे आपण जोडायचे, मग ते कापून वाकवून बघतात, फाटतात का. पास झाला तर प्रमाणपत्र, तेही दोन वर्षांचं. दोन वर्षांनी परत. मला हे आधी जाचक वाटायचं. आता माझ्या हाताखाली पोरं आहेत, आता वाटत नाही. जुने बॉयलर एकवीस-बत्तीस किलो दाबाचे असायचे, सहवीजनिर्मितीचे नवे सदुसष्ट, सत्त्याऐंशी किलोचे आणि त्याच्याही वर आहेत. दर चौरस सेंटिमीटरला एवढा दाब घेऊन वाफ त्या नळीतून जाणार आणि बाजूला माणसं फिरणार.

आता आरशाचं. बॉयलरच्या भट्टीत नळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की मागच्या बाजूला डोकं जात नाही, हातही जेमतेम जातो. मग नळीच्या मागं एक छोटा आरसा टेकवायचा आणि आरशात बघून जोडायचं. पुढचं-मागचं उलटं दिसतं. तार पुढं सारली तर ती आरशात आपल्याकडं येते, आणि टॉर्च आपल्याकडं ओढला तर डबकं लांब पळतं. मेंदूला हे पटायला वेळ लागतो. मी घरी बेसिनच्या आरशात बघून वहीवर रेघा मारायचो. बहिणीला वाटलं मला भूतबाधा झाली. वर मे महिना, सोलापूरचा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, भट्टीच्या आत किती ते मोजायला कुणी थर्मामीटर नेत नाही. उजेडाला चोवीस व्होल्टचा दिवा, कारण चारी बाजूंनी लोखंड, मेन लाइनचा शॉक बसला तर संपलंच. अर्धा तास आत, पंधरा मिनिटं बाहेर, मीठ-साखर-लिंबू. जो ठेकेदार ही पंधरा मिनिटं मोजत बसतो त्याच्याकडं मी पोरं पाठवत नाही.

मधे दहावी पास झालो. अभ्यासाची हौस आली म्हणून नव्हे, पासपोर्टसाठी. एकानं ओमानच्या शटडाउनचं, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं, काम आणलं होतं. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर पडतं, आखाती देशात नोकरीला जाताना सरकारकडून वेगळी परवानगी काढावी लागते. पास असेल तर ती भानगड नाही. परत फॉर्म भरला, रात्री भाचीकडून इंग्रजीचे निबंध पाठ केले, गणितात भूमितीनं तारलं. मार्कलिस्ट आईनं देव्हाऱ्यात ठेवली. मला म्हणायचं होतं की बॉयलरचं सर्टिफिकेट त्यापेक्षा अवघड होतं, पण बोललो नाही. ओमानला जाऊन आलो. पैसे चांगले मिळाले, जेवणाचे हाल झाले, परत जायची इच्छा नाही.

त्या पैशात आणि मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातल्या कर्जात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याची शेड घेतली. दोन टिगच्या इन्व्हर्टर मशिन, रॉड कोरडे ठेवायची भट्टी (७०१८ चा रॉड दमट असला की जोडाला नंतर तडा जातो, ही भट्टी नसलेल्या शेडमध्ये दाबाचं काम देऊ नका), ग्राइंडर, कपाट. बँकेत मॅनेजरनं आयटीआय, अप्रेंटिसशिप, आयबीआर, तिन्ही कागद उलटून पाहिले. ऑफ सीझनला आठ-दहा पोरं घेऊन कारखान्यांची कामं करतो, मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरस. हंगामात शेडवर टाक्या आणि पाइपिंग. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मात्र हमखास कुठल्या तरी कारखान्यातून फोन येतो, नळी फुटली म्हणून. संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा अक्षता सोहळा मी कितीतरी वर्षांत नीट पाहिलेला नाही.

लग्न जमताना मुलीकडच्यांनी विचारलं होतं, शिक्षण किती. मध्यस्थानं आयटीआय सांगितलं आणि विषय बदलला. आता तेच सासरे पाव्हण्यांना माझी ओळख 'बॉयलरचे साहेब' अशी करून देतात. दोन्ही खोटंच.

या धंद्यात काय वाईट आहे तेही सांगायला हवं. पाठ जाते, कारण दिवसभर वाकडं बसायचं. धूर छातीत जातो, चांगला मास्क महाग असतो म्हणून पोरं रुमाल बांधतात आणि त्याचा उपयोग शून्य. ठेकेदारीत पीएफ, ईएसआय मागून घ्यावं लागतं, आपणहून कमीच देतात. घर सहा महिने तुटतं. ज्याला बंद जागेत जीव घाबरतो त्यानं वेल्डर घ्यावंच असं नाही. इलेक्ट्रिशियन आहे, मशिनिस्ट आहे, त्यासाठी दहावीचे राहिलेले दोन विषय काढा, ते जमण्यासारखं आहे. आणि पोरींना विचारा. माझ्या शेडवर गेल्या वर्षापासून एक मुलगी अप्रेंटिस आहे. तिचा टिगचा हात माझ्या दोन जुन्या वेल्डरांपेक्षा स्थिर आहे आणि ते दोघं हे मान्य करायला तयार नाहीत.

प्रवेशासाठी येणाऱ्यांना आता मी पहिल्यांदा कागद आणायला सांगतो. शाळा सोडल्याचा दाखला, मार्कलिस्ट, आधार, रहिवासी, असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. सगळ्यावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकच आहे का ते आधी बघा. पुढं प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि परदेशात, बँकेत, पीएफला तेच लागतं. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं. ते दुरुस्त करण्यात त्याची प्रवेशाची पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत त्याला वेल्डर मिळालं, सकाळच्या पाळीत. दुपारी जेवून तो शेडवर येतो. सध्या त्याला तिकडंही कानस आणि इकडंही कानस आहे, आणि तो जाम वैतागलाय.